प्लॉटखालचा कोळसा

लेखांक ९

काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा, हे आज सांगायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. भालरच्या कोळसा वसाहतीतून एका वाचक ताईंचा फोन आला आणि त्यांचा प्रश्न पायाच्याही आधीचा आहे. यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होणार, क्वार्टर सोडावे लागणार. मुलगा म्हणतो, रत्नागिरीकडे समुद्राजवळ लहानसा फ्लॅट घ्या, निवांत राहाल. ताईंना वणी सोडायची नाही. नातेवाईक, रोजचा डॉक्टर, रंगनाथ स्वामींचे देऊळ, सगळे इथेच. गावाबाहेर त्यांनी एक लेआउट पाहून ठेवला आहे. चहूकडे कपाशी, रात्री ट्रकचा आवाज नाही आणि भाव गावातल्या प्लॉटच्या निम्मा. त्यांनी विचारले, "भाऊ, इतकी शांत जागा इतकी स्वस्त कशी?"

समुद्राकाठी जमीन घेणाऱ्याला आता भरतीरेषेची सवय झाली आहे. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली, नंतर २०११ आणि २०१९ साली ती नव्याने आली. कोकणात जागा बघायला गेलेला माणूस आज भावाच्या आधी 'सीआरझेड' विचारतो. वणी तालुक्यात समुद्र नाही, पण उकणी, कोलारपिंपरी, जुनाड, घोन्सा, राजूर, निलजई, मुंगोली अशी खाणींची माळ आहे. तरीही चिखलगाव, लालगुडा, गणेशपूरकडे प्लॉट बघणारे एन. ए. झाला का, टीपी मंजूर आहे का, एवढे विचारून इसार देऊन मोकळे होतात. कोळशाची रेषा कुठून जाते, हे विचारणारा मला क्वचितच भेटला. निम्म्या भावाला कारणे पुष्कळ असतात. डांबरी रस्ता नसेल, नळ पोचला नसेल. पण वणीत ताईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर कोळशाच्या कागदात शोधायचे.

तो कागद ज्या कायद्याने निघतो तो १९५७ चा आहे, कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम. रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन घेतात त्याहून ही वाट निराळी आहे. आधी कलम ४ ची अधिसूचना निघते. तिचा अर्थ एवढाच, की या भागात कोळसा आहे का ते सरकार शोधणार. माणसे येतात, बोअर मारतात, नुकसान झाले तर भरपाई देतात. मालकी शेतकऱ्याचीच राहते. कोळसा सापडला तर कलम ७ ची अधिसूचना निघते, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर होतो. ती कलम ४ नंतर दोन वर्षांत निघावी लागते आणि फार तर आणखी एक वर्ष वाढवून मिळते. तेवढ्यात निघाली नाही, तर कलम ४ चा कागद निकामी होतो. म्हणून कलम ४ दिसले की घाबरून जाऊ नये, आधी तारीख बघावी. कलम ७ नंतर हितसंबंधी माणसाला हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. शेवटी येते कलम ९ ची घोषणा.

खरी मेख कलम १० मध्ये आहे. कलम ९ ची घोषणा राजपत्रात छापली गेली, की जमीन त्याच क्षणी सगळ्या बोजांतून मोकळी होऊन केंद्र सरकारची होते आणि पुढे वेकोलिकडे, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सकडे, जाते. मोबदला मिळाला का, ताबा घेतला का, फेरफार झाला का, यावर ते अडून राहत नाही. ताबा घ्यायला पुढे वर्षे लागू शकतात. तोवर शेतात तूर डोलत असते आणि सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचे असते. अशा शेताची रजिस्ट्री कुणी करून दिली, तर देणाऱ्याजवळ द्यायला मालकीच उरलेली नसते. आपण पटवाऱ्याकडून ताजा सातबारा आणतो, 'इतर अधिकार' कोरे बघतो आणि सुखाने झोपतो. कलम ४ आणि ७ ची नोंद तिथे असेलच, असे धरून चालू नका.

आणखी एक बारकावा. हा कायदा पूर्ण जमीनच घ्यावी असे म्हणत नाही, तिच्यातले काही हक्कही घेता येतात. खाण भूमिगत असेल तर पुष्कळदा फक्त खनिजाचे हक्क घेतात आणि वरचा पृष्ठभाग शेतकऱ्याकडेच राहतो. त्याचा सातबारा चोख असतो, विक्रीही कायदेशीर होते. पण खाली कोळसा काढलेला असतो किंवा पुढे काढायचा असतो.

अशा जागी काय घडू शकते, ते वणीपासून थोड्याच अंतरावर दिसले. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घूसच्या आमराई वॉर्डात भर वस्तीतले एक घर जमिनीत गेले. जमीन हलते आहे हे कळताच घरातली माणसे बाहेर धावली, म्हणून वाचली. घर मात्र पन्नास फुटांहून खोल गेले आणि शेजारच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. अशा खाणीत कोळशाचे खांब छताच्या आधाराला ठेवून मधला कोळसा काढतात. पुढे खांबही काढायचे झाले तर पोकळीत वाळू भरावी लागते, नाहीतर वरचा थर खाली येतो. खाण बंद झाली की पोकळ्यांत पाणी साठते, खांब झिजतात आणि एखाद्या जोराच्या पावसाळ्यात वरचा भार पेलवेनासा होतो. आपल्याकडे राजूरलाही जुनी भूमिगत खाण आहे. तिकडे प्लॉट बघणाऱ्याने घुग्घूस विसरू नये.

काही जण मला उलट सांगतात, "कोळशात गेली तर बरेच की! वेकोलि नोकरी देईल." ही समजूत इथे फार खोल रुजली आहे, म्हणून हिशेब मांडतो. नोकरीचा हिशेब दोन एकरांमागे एक असा आहे. दोन एकर म्हणजे ८७,१२० चौरस फूट. तीस बाय पन्नासच्या प्लॉटचे क्षेत्र १,५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ५८ प्लॉट एकत्र केले तेव्हा एक नोकरी. मोबदला २०१५ पासून नव्या भूसंपादन कायद्याच्या दराने मिळतो, तो पूर्वीपेक्षा चांगला आहे. पण निवृत्तीचे पैसे घालून, म्हातारपणी राहायला म्हणून बांधलेले घर पुन्हा उठवून नेण्याची किंमत त्या दरात धरलेली नसते.

तर तपास कसा करायचा? विकणाऱ्याकडून मौजा आणि मूळ सर्व्हे नंबर लिहून घ्या. लेआउटमधला प्लॉट नंबर इथे उपयोगाचा नाही. या अधिसूचना भारताच्या राजपत्रात, भाग दोन, खंड तीन, उपखंड (ii) मध्ये छापतात आणि राजपत्र आता ऑनलाइन आहे. कलम ४ मध्ये गाव, क्षेत्र आणि हद्दीचे वर्णन असते. सर्व्हे नंबर कलम ७ आणि ९ मध्ये दिलेले असतात. अधिसूचनेत नकाशाचा क्रमांक असतो आणि तो कुठे बघायला मिळेल तेही लिहिलेले असते. सहसा वेकोलिचे क्षेत्रीय कार्यालय, यवतमाळचे जिल्हाधिकारी कार्यालय आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले कोल इस्टेट. तो नकाशा मोजणी समजणाऱ्या माणसाला सोबत नेऊन बघावा. तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज द्या आणि त्यात दोनच प्रश्न विचारा : अमुक मौजातला अमुक सर्व्हे नंबर कलम ४, ७ किंवा ९ च्या कोणत्या अधिसूचनेत येतो का, आणि त्याखाली जुने किंवा नियोजित भूमिगत काम आहे का. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते.

आणि तोवर? चांगला प्लॉट हातचा जाईल, ही भीती खोटी नाही. त्यासाठी इसारपत्रात एक कलम घाला. ही जमीन कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाच्या कोणत्याही अधिसूचनेत नाही असे विकणाऱ्याने लिहून द्यावे आणि ती अधिसूचनेत निघाल्यास इसार पूर्ण परत करावा. जागा निर्दोष असेल तर तो सही करील. सहीला कां कूं करू लागला, तर अर्जाचे उत्तर हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये.

ताईंना मी हेच सांगितले. वणीजवळ निवांत, शेताकडेचे घर नक्की मिळते आणि त्यांना ते मिळावे असे मला मनापासून वाटते. त्यांनी सर्व्हे नंबर मागवला आहे, अर्ज या आठवड्यात जाईल. उत्तर यायला महिना आहे, तोवर आपण पायाकडे वळू. ज्यांनी प्लॉट घेऊन ठेवला आहे त्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम करावे. प्लॉटवर माणूसभर खड्डा खणावा आणि काळी माती किती फुटांवर संपून मुरूम लागतो, ते मोजून ठेवावे.