मोबाइलमधला दुभाष्या

आमच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत हिंदी. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावर ‘शिक्षा’ दिसले की हिंदीत ते शिक्षण, मराठीत दंड! तुमच्या मराठी-कन्नड घरांतही हे होतेच. सासूबाई ‘ऊट आय्ता?’ म्हणून जेवणाचे विचारतात आणि नव्या सुनेला वाटते, आपल्याला उठायला सांगितले.

मोबाइलच्या आतही असा दुभाष्या लागतो, हे मी वर्गात सांगतो. अँड्रॉइडची ॲप बहुधा जावा किंवा कोटलिन भाषेत लिहितात. पण वेगाची, अवजड कामे सी किंवा सी++ मध्ये लिहिलेली असतात. फोनवर देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरे जुळवणारे ‘हार्फबझ’ त्यांतलेच. दोन्हींच्या मधे एक पातळ वेष्टण लिहावे लागते, त्याला रॅपर म्हणतात. इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचे उत्तर इकडे पोचवणे हे त्याचे काम. जावासाठी त्याचा ठरलेला मार्ग म्हणजे जावा नेटिव्ह इंटरफेस, अर्थात जेएनआय.

घोटाळा इथेही ‘शिक्षा’सारखाच होतो. ‘लाँग’ हा आकड्याचा प्रकार दोन्ही भाषांत आहे. जावात तो नेहमी ६४ बिटांचा. सी मध्ये मात्र जुन्या ३२ बिटी फोनवर तो ३२ बिटांचाच असतो आणि त्यात जेमतेम २१४ कोटींपर्यंतचा आकडा मावतो. जावा वेळ मोजते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत, आणि तो आकडा आज १३ अंकी आहे. नाव सारखे म्हणून माप तपासले नाही, तर आकड्याचा वरचा भाग कापला जातो आणि तारीख भलतीच निघते.

ॲप लिहिणाऱ्या मुलाच्या नव्या ६४ बिटी फोनवर सारे ठीक चालते. बिघडते ते वडिलांच्या जुन्या फोनवर. पीक विम्याची शेवटची तारीख संत्र्याचा बागायतदार त्याच फोनवर बघणार! उपाय सोपा आहे. सीच्या बाजूला जेएनआयचा ‘जेलाँग’ हा ठरावीक ६४ बिटांचा प्रकार शेवटपर्यंत वापरावा आणि ॲप जुन्या फोनवरही चालवून पाहावे.

दोन भाषांनी मुलांचा गोंधळ होतो म्हणून घरातली एक भाषा बंद करणारे पालक मला भेटतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की सारखा दिसणारा शब्द थांबून तपासायची सवय या मुलांना घरातच लागते. ती मोडू नका.