घाटात एक्झॉस्ट ब्रेक पकडत नाही? लायनर बदलण्याआधी या पाच जागा तपासा



टेम्पोच्या खर्चावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय: "सर, आमचे ब्रेक लायनर इतक्या लवकर का संपतात?" याचं उत्तर मला पुस्तकात नाही, बोरघाटात मिळालं.

माझं कर्जतला टाइल्स आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मी मेकॅनिक नाही, तुमच्यासारखाच धंदेवाला आहे. सुरुवातीच्या काळात पुण्याहून टाइल्स भरून आमचा टेम्पो रात्री घाट उतरत होता. मी शेजारी बसलो होतो. खंडाळा सोडलं आणि थोड्या वेळात जळका वास यायला लागला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "शेठ, ब्रेक धरत नाहीये." त्यांनी घाई न करता गिअर एकेक करून खाली आणले आणि गाडी रांगत खोपोलीत पोचवली. खाली उतरलो तेव्हा माझे पाय लटपटत होते.

त्याआधी आठ महिन्यांत आम्ही दोनदा लायनर बदलले होते. खरा दोष निघाला एक्झॉस्ट पाइपच्या फुटलेल्या जॉइंटमध्ये. दोन वेळच्या लायनरच्या पैशात तसले कितीतरी जॉइंट आले असते.

आधी हे समजून घ्या

लोणावळा ते खोपोली हा उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. सात टनांची भरलेली गाडी एवढी खाली येते तेव्हा जी ऊर्जा निघते, तिच्यात शंभर लिटरपेक्षा जास्त पाणी उकळेल. ही सगळी उष्णता एकट्या लायनर-ड्रमवर टाकली तर लायनर तापून पकड सोडतात.

एक्झॉस्ट ब्रेक हा भार वाटून घेतो. सायलेन्सरच्या पाइपात एक झडप असते. बटण दाबलं की ती बंद होते आणि डिझेल तुटतं. धूर बाहेर जायला जागा न मिळाल्यामुळे पिस्टनला मागून दाब येतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढतं. लायनर थंड राहतात, अचानक थांबायची वेळ आली तर कामाला येतात.

एक-दीड टनी पिकअपला बहुधा हा ब्रेक नसतोच. त्यांना खालचा गिअर हाच आधार. मोठ्या टेम्पोला असेल तर पुढे वाचा.

तपासणीचा क्रम: फुकटापासून महागाकडे

गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली ठोकळे. एक्झॉस्ट थंड झाल्याशिवाय हात लावू नका.

१. ड्रायव्हरची सवय. हा ब्रेक आरपीएमवर चालतो. वरच्या गिअरमध्ये, इंजिन हळू फिरत असताना तो जवळपास काहीच करत नाही. न्यूट्रलमध्ये तर शून्य! डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारा ड्रायव्हर दोन्ही ब्रेक घालवतो. साधा नियम: ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये किंवा त्याहून एक खाली उतरा. आरपीएमचा काटा मात्र लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका.

२. वायरिंग. फ्यूज बघा, बटण बघा. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलजवळ छोटे स्विच असतात. पाय पेडलवर असला की ते ब्रेक सोडवतात. स्विच सरकला तर गाडीला वाटतं पाय अजून पेडलवरच आहे, मग झडप बंदच होत नाही.

३. हवा. बऱ्याच टेम्पोंत झडप हवेच्या दाबाने फिरते. एकाने बटण दाबावं, दुसऱ्याने वाल्वचा 'टिक' ऐकावा आणि झडपेचा दांडा पूर्ण सरकतो का ते बघावं. काही गाड्यांत ती ठराविक आरपीएमच्या वरच लागते, म्हणून मॅन्युअल बघा. टिक येते पण दांडा अर्धाच सरकतो? पाइपांच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती सापडली. हवेच्या टाकीतलं पाणी नियमित काढा.

४. झडप. काजळीने ती जाम होते, अर्धवट बंद होते. कार्बन साफ करून घ्या. साधं ग्रीस लावू नका, तिथल्या उष्णतेत ते जळून आणखी चिकटतं. झडप अर्धी बंदच अडकली तर उलटा त्रास: गाडी ओढत नाही, काळा धूर, डिझेल जास्त.

५. गळका जॉइंट. इंजिनपासून झडपेपर्यंत कुठेही जॉइंट फुटला की दाब तिथूनच निसटतो. खूण म्हणजे जोडाभोवती काळा डाग आणि इंजिन चालू असताना फुसफुस आवाज. आमचा दोष इथेच होता.

पाचही ठीक असतील तर इंजिनचं कॉम्प्रेशन तपासायला मेकॅनिककडे जा.

हे करू नका

कुणी म्हणेल, "झडप अजून घट्ट करून देतो." नको. मर्यादेपेक्षा जास्त दाब आला तर इंजिनच्या वाल्वला मार बसतो. बीएस-६ गाडीत वायर तोडून प्रयोग नको, स्कॅनर लावून कोड काढा. आणि एक्झॉस्ट ब्रेक चांगला आहे म्हणून खराब लायनरवर घाट उतरू नका. हा मदतनीस आहे, मुख्य ब्रेक नाही.

धंद्याची गोष्ट

आपल्या कर्जत स्टेशनला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिन जोडतात, कारण रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. रेल्वे घाटाची तयारी घाटाच्या पायथ्याशी करते. आपण मात्र वास आल्यावर जागे होतो.

म्हणून आज एक वही करा. तारीख, किलोमीटर, लायनर कधी बदलले, एक्झॉस्ट ब्रेक कधी तपासला. लायनर नेहमीपेक्षा लवकर संपले, की नवे टाकण्याआधी "का संपले?" हा प्रश्न त्याच पानावर लिहा. मी ती वही ठेवली असती तर दुसऱ्यांदा लायनर घेतानाच दोष सापडला असता.

आणि ड्रायव्हरला घाटात फोन करून "कुठे पोचलास?" विचारू नका. माल अर्धा तास उशिरा आला तर गिऱ्हाईक चिडेल, उद्या परत येईल. आमचे काका त्या रात्री घाईत असते, तर हा लेख लिहायला मी नसतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. सावकाश उतरा!