दहा टक्के आणि दहापेक्षा कमी

46.40 सेकंद आणि 51.71 सेकंद. 100 मीटर फ्रीस्टाइलच्या या दोन विक्रमी वेळा. पहिली चीनच्या पान झानलेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नोंदवली, दुसरी स्वीडनच्या सारा श्यॉस्ट्रॉमने 2017 मध्ये बुडापेस्टला. बेंगळुरूच्या बसवनगुडी अॅक्वाटिक सेंटरच्या 50 मीटरच्या तलावात ही दोघे शेजारच्या लेनमध्ये पोहली असती, तर पानचा हात भिंतीला लागला तेव्हा सारा जवळपास दहा मीटर मागे असती. जगातली सर्वात वेगवान स्त्री, आणि दहा मीटर मागे. टक्केवारीत हा फरक साडेअकराच्या आसपास येतो.

अंतर वाढले की पाण्यातला फरक कमी होतो. 400 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 3:39.96 आणि 3:54.18 या वेळांत साडेसहा टक्क्यांचेच अंतर आहे. धावण्यात 9.58 आणि 10.49, म्हणजे साडेनऊ टक्के. लांब उडीत मात्र 8.95 मीटर आणि 7.52 मीटर, म्हणजे तब्बल 19 टक्के. आपल्याकडेही हेच दिसते. द्युती चंदने 2021 मध्ये 100 मीटरला 11.17 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला; 2025 मध्ये अनिमेष कुजूर 10.18 सेकंदांत धावला. फरक 9.7 टक्के.

महिलांचा गट वेगळा ठेवण्याचे कारण या टक्क्यांत आहे. तो नसता तर ऑलिंपिकच्या धावण्याच्या अंतिम फेरीत एकही स्त्री दिसली नसती. म्हणून ‘खेळ सगळ्यांचा आहे, गट कशाला हवेत’ असे कोणी म्हणते तेव्हा मला ते पटत नाही.

हे अंतर येते कुठून? दहा वर्षांखालच्या मुलामुलींत ते जवळजवळ नसते. अमेरिकेतल्या वयोगटातील जलतरणपटूंच्या वेळा तपासल्या गेल्या, तेव्हा दहाच्या आत अव्वल पाच मुली अव्वल पाच मुलांपेक्षा वेगवान निघाल्या. त्यानंतर मुले पुढे सरकतात आणि सतराव्या वर्षाच्या सुमारास फरक स्थिरावतो. मधल्या काळात काम करते ते टेस्टोस्टेरॉन. प्रौढ पुरुषांच्या रक्तात ते लिटरमागे साधारण 7.7 ते 29.4 नॅनोमोल असते, निरोगी स्त्रियांत 1.7 पेक्षा कमी. उंची, हाडांची लांबी, हृदयाचा आकार, स्नायू हे सगळे त्या पाच-सात वर्षांत घडते.

ट्रान्स महिला खेळाडूंचा वाद इथे सुरू होतो. पौगंडावस्था पुरुषी शरीरात गेली आणि नंतर उपचारांनी टेस्टोस्टेरॉन खाली आणले, तर आधी घडलेले किती उरते? अमेरिकी हवाई दलातल्या 46 ट्रान्स महिलांच्या तंदुरुस्ती चाचण्यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांपूर्वी मिनिटाला काढलेले पुश-अप इतर महिलांपेक्षा 31 टक्के जास्त होते. दोन वर्षांनी ती आघाडी संपली. दीड मैलाच्या धावेत मात्र 21 टक्क्यांची आघाडी 12 वर येऊन थांबली. रक्तातले हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीला येते, स्नायूंची ताकद वर्षभरात जेमतेम पाच टक्के घटते. उलट बाजूचा पुरावाही आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पैशातून झालेल्या आणि 2024 मध्ये आलेल्या अभ्यासात 23 ट्रान्स महिला खेळाडूंच्या हाताची पकड इतर महिलांपेक्षा मजबूत निघाली, पण उभ्या उडीत आणि वजनाच्या प्रमाणात प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेत त्या मागे होत्या. 46 आणि 23. एवढ्या लहान नमुन्यांवर जगभरचे नियम उभे आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

नियम भराभर कडक झाले. 2015 मध्ये ऑलिंपिक समितीची टेस्टोस्टेरॉनची मर्यादा 10 नॅनोमोल होती आणि ती स्पर्धेआधी वर्षभर पाळायची होती. जून 2022 मध्ये जागतिक जलतरण संघटनेने 71.5 टक्के मतांनी ठरवले, की पौगंडावस्थेच्या दुसऱ्या टप्प्याआधी किंवा वयाच्या बाराव्या वर्षाआधी, यांतले जे नंतरचे त्याआधी, उपचारांनी बदल झालेला असेल तरच महिला गटात पोहता येईल. भारतात बाराव्या वर्षाआधी असे उपचार मिळणे जवळपास अशक्य, त्यामुळे बसवनगुडीच्या तलावात सराव करणाऱ्या एखाद्या ट्रान्स मुलीसाठी आंतरराष्ट्रीय महिला गटाचे दार बंदच आहे. पर्याय म्हणून खुला गट काढला. ऑक्टोबर 2023 मध्ये बर्लिनच्या विश्वचषकात त्यात एकही नाव आले नाही. जागतिक अॅथलेटिक्सने मार्च 2023 मध्ये हीच वाट धरली, आणि त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला आयसीसीनेही.

आयसीसीच्या निर्णयाची झळ एका मराठी घरालाही बसली. बीडमध्ये जन्मलेले, भारताकडून 12 कसोटी खेळलेले आणि 2022 व 2023 च्या हंगामांत बेंगळुरूच्या आयपीएल संघाचे मुख्य प्रशिक्षक असलेले संजय बांगर यांची मुलगी अनाया ही ट्रान्स महिला आहे. लहानपणापासून ती क्रिकेटच खेळत आली. हार्मोन उपचारांत स्नायू आणि ताकद ओसरत चालल्याचे तिने 2024 मध्ये जाहीरपणे लिहिले, 2025 मध्ये मँचेस्टरच्या विद्यापीठात केलेल्या चाचण्यांचा अहवाल पुढे ठेवला आणि आपल्याला महिला क्रिकेट खेळू द्यावे असे आवाहन केले. नियमात वैयक्तिक चाचणीला जागाच नाही. पौगंडावस्था पुरुषी गेली की उपचार, शस्त्रक्रिया, अहवाल काहीही पुढे केले तरी आंतरराष्ट्रीय सामना नाही.

क्रिकेटमध्ये ताकदीला किंमत किती? शोएब अख्तरचा 161.3 किलोमीटर वेगाचा चेंडू आणि शबनिम इस्माइलचा 132.1 चा, यांत 22 टक्क्यांचे अंतर. बावीस यार्डांवर उभ्या असलेल्या फलंदाजासाठी हा प्रश्न हाडे मोडण्याचाही आहे, म्हणून आयसीसीची भीती मी उडवून लावणार नाही. पण या नियमाने प्रत्यक्षात जिला थांबवले ती कॅनडाची डॅनिएल मॅकगेही सहा टी-20 सामन्यांत 118 धावा करून गेली, सरासरी 19.66. महिला क्रिकेट बुडवणारी ही आकडेवारी नव्हे.

संख्येचेही तसेच. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी डिसेंबर 2024 मध्ये सिनेटसमोर सांगितले, की 5 लाख 10 हजार खेळाडूंत आपल्या माहितीतले ट्रान्स खेळाडू दहापेक्षा कमी आहेत. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेने लिंगाच्या ‘इतर’ रकान्यात कर्नाटकात 20,266 आणि महाराष्ट्रात 40,891 माणसे मोजली. यांतल्या किती जणांना शाळेचे मैदान तरी पुरेसे मिळाले असेल?

नियमांचा खरा मार कोणावर पडतो ते पाहायचे तर बेंगळुरूलाच यावे लागते. जुलै 2014. ओडिशातल्या चाका गोपालपूरच्या विणकर घरातली 18 वर्षांची द्युती ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेची तयारी करत होती. तिला या शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेले गेले. रक्त काढले, गुणसूत्रे तपासली, एमआरआय झाला, स्त्रीरोगतज्ज्ञांची शारीरिक तपासणी झाली. ती ट्रान्स नव्हती. मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली. तिच्या शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त होते, इतकेच. संघातून नाव कापले गेले आणि बातमी देशभर झाली. अनोळखी माणसे टीव्हीवर तिच्या शरीराची चर्चा करत होती. एवढ्या कोवळ्या वयात हे कोणाच्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये.

ती लढली. जुलै 2015 मध्ये क्रीडा लवादाने टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा तो नियम स्थगित केला. लवादाचा मुद्दा आकड्यांचाच होता: स्त्री-पुरुषांत फरक 10 ते 12 टक्के, पण अशा स्त्रियांना तेवढा फायदा मिळतो हे जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने सिद्ध केले नाही. त्यानंतर रिओत द्युती 11.69 सेकंदांत धावली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

आता चाचणी पुन्हा आली आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून जागतिक दर्जाच्या महिला अॅथलेटिक्समध्ये उतरायचे तर वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाची तपासणी सक्तीची आहे. गालातून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा किंवा रक्त द्यायचे. तपासणी साधी, अर्थ लावणे कठीण. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3,387 महिलांची अशी तपासणी झाली. आठ जणींत ते जनुक सापडले, आणि शरीरशास्त्राचा पूर्ण विचार करून आठही जणींना खेळू दिले गेले. पुढे 1999 मध्ये समितीने ती सरसकट तपासणी सोडूनच दिली.

माझे मत असे. ऑलिंपिक, विश्वचषक, राष्ट्रीय संघ या पातळीवर पौगंडावस्थेचा निकष ठेवणे योग्य आहे. दहा टक्क्यांचे अंतर नाकारून मुलींचे नुकसान होईल. पण तोच निकष शाळेच्या, क्लबच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरवायला आकड्यांचा आधार नाही. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अनामिका या ट्रान्स ज्युदोपटूला जिल्हा स्पर्धेत महिला गटात उतरण्याची मुभा दिली, ती मला रास्त वाटते. आणि संशयाला तर मुळीच आधार नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत हेप्टाथलॉनचे कांस्य नंदिनी अगसाराने 5,712 गुणांनी जिंकले. चार गुणांनी मागे राहिलेल्या स्वप्ना बर्मनने आपले पदक ट्रान्स महिलेने नेल्याचा जाहीर आरोप केला. मग तो मजकूर काढून टाकला, माफीही मागितली. तोवर व्हायचा तो त्रास नंदिनीला झालाच होता.

म्हणून बसवनगुडीतल्या आणि महाराष्ट्रातल्याही क्लबांना, शाळांना विनंती आहे. बारा वर्षांखालच्या गटात कोणाच्याही लिंगाबद्दल तक्रार स्वीकारू नका. वरच्या गटात तक्रार आलीच तर ती लेखी घ्या, एका डॉक्टरपलीकडे जाऊ देऊ नका, आणि निकाल लागेपर्यंत त्या मुलीला स्पर्धेत ठेवा. उंची, आवाज किंवा आखूड केस पाहून कुजबुजणाऱ्या पालकांना तिथल्या तिथे थांबवा.