ताटाचा काठ

फ्रिजवर चिकटवायचं एखादं लोहचुंबक घ्या आणि घरातल्या स्टीलच्या ताटाच्या मधोमध लावून बघा. बहुतेक ताटांवरून ते घसरून पडेल. आता तेच चुंबक ताटाच्या काठाशी न्या, जिथे पत्रा दुमडून गोल वळवलाय तिथे. हळूच, जरा लाजत लाजत, पण ते धरतं.

ताट एकच, पत्रा एकच. मग काठ वेगळा कसा?

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात सहा नवी ताटं घ्यायला निघालो तेव्हा खिशात मुद्दाम चुंबक टाकलं होतं. ‘चिकटलं तर माल हलका, नाही चिकटलं तर अस्सल’ हे शहाणपण आमच्याकडे पिढीजात चालत आलंय. दुकानात पहिल्याच ताटाने मला गोंधळात टाकलं. मध्ये अस्सल, काठाला हलकं! दुकानदार हसला आणि म्हणाला, “भाऊ, सगळ्यांचंच असं होते.” त्याचं बरोबर होतं, आणि कारण ऐकण्यासारखं आहे.

लोखंडाचे अणू साध्या तापमानाला एका ठरावीक रचनेत बसतात आणि त्या रचनेला चुंबक ओढून घेतं. त्यात क्रोमियमसोबत पुरेसं निकेल मिसळलं, की अणूंची बैठकच बदलते आणि चुंबकाला तिच्याशी देणंघेणं उरत नाही. पण ही बैठक थोडी बळजबरीची असते. यंत्राने थंड पत्रा दाबून, ताणून काठ वळवला, की तिथल्या काही अणूंना आपली जुनी जागा आठवते आणि ते परत तसे बसतात. म्हणजे काठाशी चुंबक चिकटतं ते माल हलका म्हणून नव्हे. त्या जागी धातूने सर्वांत जास्त ताण सोसला, एवढंच ते सांगतं.

पुढची गंमत तर चुंबकाची पार फजिती करणारी आहे. निकेलने जे काम होतं ते बऱ्याच अंशी मँगनीजनेही होतं. चांगल्या ताटांचं म्हणून ओळखलं जाणारं 304 स्टील घ्या: 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. त्याहून स्वस्त 200 मालिकेच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवतात. आपल्याकडे खपणाऱ्या काही प्रकारांत निकेल टक्काभरच, मँगनीज मात्र आठ-दहा टक्के. हे स्टीलही चुंबकाला दाद देत नाही! उलट निकेल नसलेलं 430 स्टील सगळीकडून चिकटतं, पण चिकटतं म्हणून ते गंजेलच असं नाही. खिशातलं चुंबक मी निमूट खिशातच ठेवलं.

मँगनीज हा शब्द बालाघाटच्या माणसाने ऐकला, की त्याची मान आपोआप भरवेलीकडे वळते. शहरापासून हाकेच्या अंतरावर भरवेलीची खाण आहे, जमिनीखाली 300 मीटरहून खोल गेलेली. ती चालवणाऱ्या मॉयल कंपनीचं मूळ 1896 साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश सिंडिकेटमध्ये आहे, आणि मुख्यालय अजून नागपूरलाच. 1956 पर्यंत बालाघाटची राजधानीही नागपूरच होती, त्यामुळे यात कुणाला नवल वाटत नाही. या भागातल्या मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला फर्मर या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने 1909 च्या आपल्या ग्रंथात नाव दिलं ‘गोंडाइट’. इथल्या गोंड लोकांवरून. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या रानातलं हे एक नाव कायमचं बसलंय. निकेल आपल्याला जवळजवळ सगळं बाहेरून आणावं लागतं आणि मँगनीज पायाखाली पडलंय. मग भारतीय स्टीलवाल्यांनी दुसरं काय केलं असतं?

स्वस्त म्हणून हे मँगनीजवालं स्टील टाकाऊ नाही. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 साली बंदुकीच्या नळ्यांसाठी धातू शोधता शोधता असं स्टील घडवलं, आणि शेवटी ते गेलं सुऱ्या-काट्यांत. क्रोमियम हवेतला प्राणवायू घेऊन ताटावर एक पापुद्रा धरतं. केवढा? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग. घासणीचा ओरखडा पडला तर पापुद्रा आपसूक पुन्हा धरतो. म्हणजे रोज घासताना आपण ताटाची त्वचा सोलत असतो आणि ताट ती परत आणत असतं. कमी निकेलच्या स्टीलचा पापुद्रा मीठ आणि आंबटापुढे जरा लवकर हार मानतो, एवढाच फरक. लिंबाचं लोणचं रात्रभर ताटात राहणाऱ्या घराने 304 घ्यावं. जेवण होताच ताट घासणाऱ्या घराला दुसरंही वर्षानुवर्षं पुरतं. चुंबकापेक्षा छाप बघा: आता स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, 2024 च्या सरकारी आदेशाने.

स्टीलच्या आधी आमच्या भागात पितळ आणि कासं. शेजारचं भंडारा तर पितळी भांड्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. तांबं म्हटलं की मान भरवेलीकडून मलाजखंडकडे वळवावी लागते, बैहरच्या बाजूला. तिथला तांब्याचा साठा देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. तो सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी तयार झाला, म्हणजे पृथ्वीच्या हवेत श्वास घेण्याजोगा प्राणवायू नव्हता तेव्हा. मला हे सांगितलं गेलं त्या दिवशी मी आजीची काशाची थाळी माळ्यावरून खाली काढली आणि जरा वेळ नुसती हातात धरून बसलो. त्या थाळीतलं तांबं मलाजखंडचं नक्कीच नसणार, ती तिथल्या खाणीपेक्षा म्हातारी आहे. पण हात जड झाला खरा.

काशाचं वागणं अजबच. तांबं मऊ, कथील त्याहून मऊ. सुमारे 78 आणि 22 या प्रमाणात दोन्ही एकत्र आले की टणक, खणखणीत, घंटेसारखं घुमणारं काहीतरी होतं. ते थंड असताना ठोकलं तर तडकतं. म्हणून कासार ते लालभडक तापवतात आणि तापलेलं असेतो ठोकून पसरवतात. शेवटी लाल थाळी थेट पाण्यात! पोलाद असं बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं. कासं उलट चिवट होतं, आणि सावकाश निवू दिलं तर ठिसूळ. दोन धातूंचे स्वभाव असे विरुद्ध असतात हे भात्यापाशी बसणाऱ्यांना प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

पितळेच्या ताटात आंबट वाढायचं तर कल्हई हवी, नाहीतर तांबं अन्नात उतरतं आणि अन्न कळकतं. कथील 232 अंशांनाच वितळतं, म्हणून कल्हईवाला कोळशाच्या शेगडीवर ते सहज पसरवायचा. नवसागराची चिमूट पृष्ठभाग साफ करायची आणि त्या पांढऱ्या धुराने सगळी आळी खोकायची. आता कल्हईवाला शोधत हिंडावं लागतं, तेव्हा रोजच्या जेवणाला पितळ घेण्याचा सल्ला मी देणार नाही. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं ताट तर कढीपासून दूरच बरं. काचेची आणि चिनी मातीची ताटं दिसायला सुरेख. मेलामाइन मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

धातूंच्याही आधी पान. ‘किती पानं मांडू?’ असं आपण अजून विचारतो, समोर स्टील असलं तरी. इथल्या रानात पळस आहे आणि माहुलीचा वेल आहे, दोन पाकळ्यांसारखी मोठी पानं असलेला. बांबूच्या बारीक काड्यांनी ती टाचून पत्रावळी आणि द्रोण होतात. पानाच्या अंगावर मेणाचा थर असतो, तो झाडाचं पाणी आत राखायला. आपण तो वरण बाहेर जाऊ नये म्हणून वापरतो.

पण पत्रावळीला काठ नसतो. मग पातळ वरण थांबतं कशाने? भाताने. भाताचं आळं करायचं, झाडाला करतात तसं, आणि वरण त्यात ओतायचं. ज्याला बांध हवा त्याचाच बांध! गव्हाच्या मुलखात पोळी सपाट थाळीतही सुखाने राहते. बालाघाट धानाचा जिल्हा आहे, इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमचं जेवण हे मुळात ओलं, कालवायचं जेवण आहे. म्हणून माझ्या लेखी ताटात पहिली बघायची गोष्ट धातू नव्हे, काठ. दोनेक सेंटिमीटर उंच, आणि किंचित बाहेर कललेला. सरळ उभ्या काठाची ताटं एकात एक बसत नाहीत, नाहीतर बसली की निघत नाहीत. कप्प्यांची ताटं शाळेत आणि दवाखान्यात शोभतात. कालवायला त्यांत जागाच कुठे असते?

दुसरी गोष्ट, जाडी. दुकानात गेज विचारतात, आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. 22 गेज म्हणजे सुमारे 0.7 मिलिमीटर, 24 म्हणजे साडेपाच दशांशाच्या आसपास. 30 सेंटिमीटर व्यासाचा गोल पत्रा 22 गेजमध्ये 400 ग्रॅमच्या घरात भरतो, 24 मध्ये 310 च्या. हातात घेतलं की नव्वदेक ग्रॅमचा फरक बोटांना लगेच कळतो. पातळ ताट काठाला धरून उचललं तर भातासकट वाकतं. स्टील उष्णता वाहून नेण्यात मोठं आळशी आहे, तांब्याच्या पंचविसाव्या भागाइतकंच. हा आळस आपल्या कामाचा. मधे वाफाळतं वरण असलं तरी काठाला हात भाजत नाही.

आणि दुकानात जाण्याआधी घरचं ताटाळं मोजा. मी मोजलं नव्हतं. सहा ताटं मोठ्या दिमाखात आणली, काठ उत्तम, वजन उत्तम, पण ताटाळ्याच्या खाचेत एकही बसेना. ती आता फडताळात उभी आहेत, मागे पाट लावून.

त्याच रात्री नव्या ताटांत पहिल्यांदा जेवण वाढलं. काठ चांगला दोन बोटं उंच. आईने सवयीने भाताला बोटांनी मधे खळगा केला, आळं नीट थापलं, आणि मग वरणाची पळी पुढे मागितली.