‘लिबर्टी’तले पाच दिवस

मरीन लाइन्सला उतरायचं, बॉम्बे हॉस्पिटलच्या दिशेनं पाच-सात मिनिटं चालायचं, की समोर ‘लिबर्टी’. 1949 सालचं थिएटर, नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्याच्या खुशीत ठेवलेलं नाव, सुमारे बाराशे खुर्च्या. ‘हम आपके हैं कौन’ ज्या पडद्यावर शंभराहून जास्त आठवडे चालला, तोच हा पडदा! म्हणजे हिंदी सिनेमातलं सगळ्यात लांबलेलं लग्न इथं लागलं. आणि 2014 मध्ये याच पडद्यावर आला ‘कशिश’, म्हणजे गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर मंडळींचा फिल्म फेस्टिव्हल. सॉलिड योगायोग आहे ना?

आता माझं. मी नंदुरबारचा. तोच तो, 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा निघालेला जिल्हा. बाजारात मिरची आली की गावाबाहेरच्या पथारी लालभडक होतात आणि ठसका घरापर्यंत येतो. मुंबईत नोकरी, शेअरिंगमधली खोली, घरी जायला सुरतमार्गे रात्रीची गाडी. आणि घरी पोचलो रे पोचलो की चहाच्या आधी पहिला प्रश्न, ‘मग, मुलगी बघायची का?’

मला मुलगी बघायची नाहीये. हे ऑफिसात चार-पाच जणांना माहीत आहे, घरात फक्त ताईला. मी लहान असताना आमच्याकडे ‘माझ्यासारख्यां’साठी शब्दच नव्हता. होत्या त्या शिव्या. सिनेमात दिसायचा तो कमरेवर हात ठेवून हसवणारा साइड हीरो. आपण म्हणजे ‘तो’ का, हे टेन्शन बारावीच्या पेपरपेक्षा मोठं होतं, बॉस!

म्हणून ‘कशिश’चं मला अप्रूप. त्याची स्टोरीही फिल्मी आहे. दिग्दर्शक श्रीधर रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’ला सेन्सॉर बोर्डानं 2003 मध्ये सर्टिफिकेट नाकारलं. पुढे 2 जुलै 2009 ला दिल्ली हायकोर्टानं कलम 377 मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. लगेच पुढच्या एप्रिलमध्ये, 2010 साली, याच रंगायन यांनी आपल्या साथीदारांबरोबर ‘कशिश’ सुरू केला. तोही कुठल्या बंद दाराआड नाही, तर जुहूच्या पीव्हीआरमध्ये, पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर. फेस्टिव्हलच्या फिल्म्सना सेन्सॉरमधून सूट द्यायची तर ती माहिती-प्रसारण मंत्रालय देतं. मंत्रालयाच्या परवानगीनं मेनस्ट्रीम थिएटरात भरलेला आपल्या देशातला हा असा पहिलाच फेस्टिव्हल. एका खिडकीवर नकार मिळाला, तर माणसानं दुसऱ्या खिडकीवर रांग लावली!

मला सगळ्यात भारी वाटतं ते 2014 चं साल. आदल्या वर्षी 11 डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल फिरवला होता. एका दिवसात आम्ही पुन्हा गुन्हेगार. अशा वेळी कुणी गपचूप छोटासा हॉल बघितला असता, तर मी तरी त्याला नावं ठेवली नसती. या लोकांनी त्याच मे महिन्यात बाराशे खुर्च्यांचं थिएटर घेतलं. 2016 मध्ये तर उद्घाटनाला सर इयन मॅकेलन, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले गॅन्डाल्फ! 377 चा तो भाग कायमचा गेला 6 सप्टेंबर 2018 ला. 2020 आणि 2021 ऑनलाइन गेली, मग पुन्हा ‘लिबर्टी’. 2025 ला फेस्टिव्हलचं सोळावं वर्ष झालं. लग्नाची मान्यता मात्र सुप्रीम कोर्टानं 17 ऑक्टोबर 2023 ला दिली नाही. तो पिक्चर अभी बाकी है.

पहिल्यांदा जाणार असाल तर एक फंडा सांगतो. मोठ्या फिल्मच्या मागे धावू नका, शॉर्ट फिल्म्सचं पॅकेज गाठा. तासा-दीड तासात पाच-सहा देश फिरून होतात, एखादी बोअर झाली तरी दहा मिनिटांत संपते. स्ट्रेट असाल तरी या, कुणी विचारत नाही. फक्त फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारा, त्याच्या घरी अजून माहीत नसेल.

2023 मध्ये ताईला घेऊन गेलो होतो. ती खरेदीला आली होती, हातात दादरच्या पिशव्या. लॉबीत साडी नेसलेला एक मिशीवाला दिसला, तिनं आधी साडीचा काठ बघितला, मग मिशी. आत सबटायटल्स वाचता वाचता तिची दमछाक झाली. पण प्रत्येक फिल्ममध्ये तिचा एकच प्रश्न, कानाशी कुजबुजत, ‘ह्याची आई कुठंय रे?’ दोन-तीन फिल्म्समध्ये आई नव्हतीच. तेवढ्यावरून तिनं त्या नापास केल्या. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘आपल्या भाषेतली एक पण नाही का रे भाऊ?’

त्या पॅकेजमध्ये नव्हती, पण आहेत ना! रोहन परशुराम कानवडे यांची ‘उ उषाचा’ ही 2019 ची शॉर्ट फिल्म. शेतमजुरी करणारी, लिहिता-वाचता न येणारी उषा आणि शाळेतल्या बाई. ती ‘कशिश’च्या ‘क्यूदृष्टी’ अनुदानातून बनली. त्याच कानवड्यांचा ‘साबर बोंडं’ जानेवारी 2025 मध्ये सनडान्सला गेला आणि वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिकचा ग्रँड ज्युरी प्राइझ घेऊन आला. तिथं प्रीमियर झालेला तो पहिला मराठी सिनेमा! 19 सप्टेंबरला तो आपल्याकडे रिलीज झाला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक ‘लग्न कधी’ म्हणून पिच्छा पुरवतात आणि तिथं त्याला त्याचा जुना मित्र भेटतो. मी थिएटरात बसून नंदुरबारची प्रत्येक सुट्टी आठवत होतो. काकांचे सवाल तर सेम टू सेम.

त्याच रात्री ताईला फोनवर अख्खी स्टोरी सांगितली. तिनं नेहमीचाच प्रश्न विचारला.

‘आई आहे का?’

‘आहे. आणि तिला माहीतही आहे.’

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग ताई म्हणाली, ‘आपल्या आईला तू सांगतोस, की मी सांगू?’