कडक आठ टक्के, चाखायची आठ टक्के: स्ट्राँग एलबद्दल जरा सविस्तर

या भागात आकडे बरेच होते, आणि कानानं ऐकलेले आकडे निसटतात. म्हणून हे लेखी रूप जरा नीट लावून देतोय. सुरुवातीलाच सांगतो: महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि त्याहून कडक मद्यासाठी २५. परवानाही लागतो, एक दिवसाचा का होईना. त्या वयाखालच्या श्रोत्यांनी हे रसायनशास्त्र म्हणून वाचावं.

प्रश्न उमरग्याच्या एका श्रोत्याचा होता. "पुण्यात ब्रुअरीत गेलो, स्ट्राँग एल मागितली. एवढासा ग्लास आणून ठेवला, आणि पैसे आपल्याकडच्या अख्ख्या बाटलीच्या आसपास. तीही आठ टक्के, हीही आठ टक्के. मग फरक कशाचा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग ते उमरगा कुठल्याही परमिट रूममध्ये बसा, बिअर मागितली की "माइल्ड का स्ट्राँग?" आणि दहातल्या आठ टेबलांवर उत्तर ठरलेलं. रुपयाला किती चढते, हाच हिशोब. त्या हिशोबात काही चूक नाही, पण स्ट्राँग एल त्या हिशोबासाठी बनतच नाही.

आधी टक्के समजून घेऊ. आठ टक्के म्हणजे १०० मिलीत ८ मिली शुद्ध अल्कोहोल. ६५० मिलीच्या बाटलीत ते ५२ मिली होतं. व्हिस्की आपल्याकडं ४२.८ टक्क्यांची, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १३ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर चार छोटे पेग. "बिअरच तर घेतली" म्हणणारा माणूस चार पेग घेऊन उठलेला असतो. आणि त्या श्रोत्याला मिळालेला १५० मिलीचा ग्लास? त्यात १२ मिली, म्हणजे जेमतेम एक पेग.

आता हेच गाडीच्या भाषेत. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्राम. सत्तर किलोच्या पुरुषाला तो एक ग्लास ढोबळमानानं २० पर्यंत नेतो. दुसरा लगेच घेतला तर तो मर्यादेबाहेर. अख्खी बाटली त्याला ८० च्या पुढं नेते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. शरीर हे उतरवतं तासाला १०-१५ च्या गतीनं, लिंबूपाणी प्या नाहीतर आंघोळ करा. वजन कमी असेल, बाई असेल, पोट रिकामं असेल तर आकडे याहून वर जातात. त्यामुळं हा हिशोब "एक ग्लास चालतो" म्हणून वापरू नका, गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. तरी ग्लास छोटा देण्यात ब्रुअरीवाल्याचा कंजूषपणा नव्हता, एवढं यातून कळतं.

आता फरकाकडं येऊ. बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा भरडा गरम पाण्यात भिजवायचा, त्याचा गोड काढा गाळायचा, हॉप्स घालून उकळायचा आणि गार करून यीस्ट सोडायचं. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरांना पहिली पायरी नवी नाही. मोड आले की धान्यात एन्झाइम तयार होतात आणि ते पिठाची साखर करतात. ती साखर यीस्ट खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. जितकी साखर जास्त, तितकं अल्कोहोल जास्त. कडक बिअरचं सगळं गुपित एवढंच.

प्रश्न हा की ती जास्तीची साखर आणायची कुठून आणि यीस्टला वेळ किती द्यायचा.

पाच टक्क्यांच्या १०० लिटर बिअरला साधारण २० ते २२ किलो माल्ट लागतं. फक्त माल्टवर आठ टक्के गाठायचे तर ३३ ते ३५ किलो. मोठ्या कारखान्याला हे परवडत नाही. तिथं तांदूळ, मका, साखरेचा पाक यांवर टक्के वाढवले जातात. त्यातून अल्कोहोल येतं, पण अंग येत नाही, म्हणजे जिभेवरचा जडपणा आणि धान्याची चव. ती उणीव झाकायची सोपी युक्ती म्हणजे बर्फासारखी गार करून देणं.

आता आपला साखर कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळं इथं एक खुलासा करायलाच हवा. साखर घातली म्हणजे भेसळ, असं अजिबात नाही. बेल्जियममधल्या वेस्टमाले मठाची ट्रिपेल १९३४ पासून बनते, साडेनऊ टक्क्यांची आहे, आणि तिच्यात साखर असते. मुद्दाम असते. सगळं माल्ट घातलं तर इतकी कडक बिअर पाकासारखी जड होईल, साखर तिला हलकी ठेवते. गडद डबेलमध्ये जो करपवलेला पाक घालतात, तो दिसायला थेट आपल्या काकवीसारखा. म्हणजे साखर वाचवायला घातली की चवीसाठी, हे बघायचं.

यीस्टचं गणित याहून नाजूक. एल म्हणजे साधारण १८ ते २२ अंशांना आंबवलेली बिअर. लागर ८ ते १३ अंशांना, वेगळ्या यीस्टनं. आपली बाटलीतली स्ट्राँग बहुतेक लागर घराण्यातली. काढा खूप गोड असेल तर यीस्टवर ताण येतो, आणि पुढं स्वतःच तयार केलेलं अल्कोहोल त्याला जड जायला लागतं. अशा वेळी घाई केली, तापमान चढू दिलं, की फ्युझेल नावाची जड अल्कोहोलं तयार होतात. वास नेलपॉलिश रिमूव्हरकडं झुकतो, घशात जाळ होतो. पुष्कळ लोकांना हाच जाळ "कडकपणा" वाटतो. माझ्या मते तो सरळ दोष आहे. नीट बनलेली आठ टक्क्यांची एल छातीत ऊब देते, घसा जाळत नाही.

त्यासाठी लागतो वेळ, आणि छोट्या ब्रुअरीचं खरं भांडवल वेळ हेच. गव्हाची साधी बिअर दोन-तीन आठवड्यांत टाकीतून नळाला येते. स्ट्राँग एल तीच टाकी दोन महिने अडवून बसते. परवान्याचे, भाड्याचे, गारव्याच्या विजेचे पैसे त्या काळात थांबत नाहीत. माल्ट दीडपट आणि टाकी तिप्पट वेळ अडकलेली, तो श्रोत्याच्या बिलातला फरक इथून आला.

पुण्यात हे रुजायलाही फार दिवस झालेले नाहीत. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून जिचं नाव घेतात ती डूलाली २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. इंडिपेन्डन्स, एफिंगट वगैरे त्यानंतरच्या. नावाची गंमत अशी की डूलाली म्हणजे नाशिकजवळचं देवळाली. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर महिनोन्‌महिने पडून राहायचे, कंटाळून भ्रमिष्टासारखे वागायचे. त्यावरून इंग्रजीत "डूलाली" म्हणजे डोकं फिरलेला.

गोऱ्यांचा विषय निघालाच आहे तर "इंडिया पेल एल" बद्दलही एक गोष्ट. ती समुद्रप्रवासात टिकावी म्हणून भयंकर कडक बनवली, असं सगळे सांगतात. त्या काळच्या इंग्लंडच्या मानानं ती विशेष कडक नव्हतीच, सहा-साडेसहा टक्क्यांची असायची. खरी कडक होती ती तिच्याआधीची "ऑक्टोबर बिअर". जमीनदार मंडळी ती तळघरात दोन-दोन वर्षं मुरवायची. लंडनच्या हॉजसननं तशी बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात धाडली, आणि आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या चार-सहा महिन्यांत ती जहाजातच मुरली. लोणच्याची बरणी हलवत-हलवत आणावी तसा प्रकार.

आज तसली दहा टक्क्यांची बार्लीवाइन आपल्याकडं बिअर म्हणून विकता येत नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या मानकांत पाचपर्यंत सौम्य, पाचच्या वर आठपर्यंत स्ट्राँग, आणि तिथं बिअरची व्याख्या संपते. म्हणून पुण्यात पाटीवर सात-आठ टक्क्यांच्या बेल्जियन धाटणीच्या एल, डबल आयपीए किंवा जड स्टाउट दिसतात. छताला डोकं टेकवून उभ्या असल्यासारख्या.

आता चाखणं. चार-पाच प्रकार मागवले असतील तर सौम्यापासून कडकाकडं जा, उलट गेलात तर मागच्या सगळ्या पाणचट लागतील. स्ट्राँग एल फार गार मागू नका. फ्रिजमधून आली असेल तर ग्लास दोन्ही हातांत धरून दहा मिनिटं बसा, १०-१२ अंशांना तिचा वास उघडतो. गारव्यात वास मरतो, दोषही लपतात. तोंडाशी निमुळता ग्लास असेल तर उत्तम. आधी वास घ्या: गडद असेल तर खजूर, मनुका, काकवी, भाकरीचा करपलेला पापुद्रा. फिकट बेल्जियन असेल तर पिकलेलं केळं आणि लवंग, आणि ती कुणी घातलेली नसते, यीस्टची करणी. लोण्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, नेलपॉलिशचा वास हे दोष. आला तर वेटरला बिनधास्त सांगा. चांगल्या ठिकाणी ग्लास बदलून देतात.

सोबत काय? आपला पहिला विचार उस्मानाबादी शेळीचं मटण आणि काळ्या मसाल्याचा रस्सा. नको. तिखटाची आग अल्कोहोलनं वाढते, आठ टक्क्यांनी तर चांगलीच. सुकं भाजलेलं मटण, कमी तिखट, तिथं जमतं. त्याहून सुरेख जोडी गोडाशी: भूमकडच्या खव्याचा पेढा आणि गडद एलचा एक घोट. खव्याचा खरपूसपणा आणि भाजक्या माल्टचा खरपूसपणा सख्खे भाऊ निघतात. पेढा दुकानातला घ्या, प्रसादाचा नको.

शेवटचा प्रश्न तुळजापूरहून: आपल्या ज्वारीची स्ट्राँग एल होईल का? होईल. नायजेरियानं १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या कारखान्यांनी ज्वारीवरच बिअर काढली. अडचण अशी की ज्वारीचा स्टार्च फुलायला जवापेक्षा जास्त तापमान लागतं, ७० अंशांच्या आसपास आणि वर, आणि त्या तापमानाला माल्टमधले साखर करणारे एन्झाइम मरायला लागतात. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवायची, निववायची, मग जवाच्या माल्टमध्ये मिसळायची. मोड आणलेली वापरणार असाल तर कोंब आणि मुळं घासून काढावी लागतात, कारण कोवळी ज्वारी खाऊन जनावरं ज्यानं दगावतात ते विष कोंबातही असतं. भरड्यात एक तृतीयांश ज्वारी घातली तर बिअर हलकी होते, साखरेनं होते तशीच, आणि धान्याचा वास मात्र राहतो. त्यासाठी मालदांडी वापरू नका. पावसात काळी पडलेली खरिपाचीही नको, बुरशीचा वास थेट ग्लासात उतरतो. स्वच्छ, वाळलेली खरीप हायब्रीड पुरते.