तंबाखू: एक शब्द आणि एक दुखणे

आयुष्यभर शब्दांची संगत केलेल्या माणसाने रोगांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझ्या आईचे दुखणे एका शब्दापायीच उशिरा कळले, म्हणून हा विषय मी घेतला.

निपाणी परिसरात वाढलेल्या माझ्या आईला मशेरीची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि दातांना, हिरड्यांना चोळायची. गालाच्या आत पांढरा चट्टा उमटला, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, ‘तंबाखू खाता का?’ आई म्हणाली, ‘छे हो, कधीच नाही.’ ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी खाणे निराळे आणि लावणे निराळे. निदान झाले तेव्हा वेळ निघून गेली होती.

भाजल्याने तंबाखू निर्दोष होत नाही. तिच्यातील निकोटीन सवय जडविते आणि नायट्रोसअमाईन ही द्रव्ये कर्करोगास कारण होतात. विडीला सौम्य मानणे हाही भ्रमच. ती विझू नये म्हणून झुरके वारंवार ओढावे लागतात. हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसांचे जुनाट विकार यांचे मूळही पुष्कळदा येथेच सापडते. कमावता माणूस ऐन उमेदीत अंथरुणाला खिळला की गरिबाचे घर कर्जात बुडते.

पाश्चात्त्य देशांत १९५० साली डॉल व हिल यांनी सिगारेट व फुप्फुसांचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. तेथील प्रतिबंधाचा रोखही सिगारेटवरच राहिला. आपले चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १५ वर्षे व त्यावरील २८.६ टक्के लोक तंबाखू सेवन करीत होते. धूरविरहित तंबाखू घेणारे २१.४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के, तर सिगारेटवाले अवघे ४ टक्के होते.

२००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी केली. २०१६ पासून वेष्टनाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. निरक्षरालाही चित्र वाचता येते, हे खरे. पण सुट्या पानापासून घरच्या तव्यावर केलेल्या मशेरीवर चित्र कोठून येणार? तेथे नेमका प्रश्नच कामी येतो. मशेरी, तपकीर, खैनी अशी नावे घेऊन विचारले, तरच खरे उत्तर मिळेल.

आपल्या भागाची अडचण मी विसरलेलो नाही. १९८१ साली याच तंबाखूच्या भावासाठी निपाणीचे शेतकरी रस्त्यावर उतरले होते. विड्या वळूनच कित्येक मायमाउल्यांनी मुले शिकविली. २००५ साली अमलात आलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारातही शेतकरी व कामगारांना पर्यायी उपजीविका मिळावी, असे कलम आहे. त्याचा आग्रह धरल्याविना केलेला उपदेश पोकळ ठरेल.

माजी विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आईला, आजीला एवढेच विचारा, ‘मशेरी लावतेस का?’ आणि तोंडात चट्टा असेल तर तिला तपासणीस न्या. मला तो प्रश्न वेळेवर सुचला नाही.